उष्णकटिबंधातली गटसहल : निघण्याआधीचे प्रश्न

उष्णकटिबंधातल्या जंगलांत गटानं निसर्गसहलीला निघालेल्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. कोणी कोस्टा रिकाला निघालंय, कोणी बोर्निओला, कोणी ॲमेझॉनच्या खोऱ्यात. ठिकाणं वेगळी असली तरी शंका पुष्कळशा सारख्या आहेत, म्हणून यावेळचं सदर त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : सहलीला अजून चार महिने आहेत. हौसेनं तिथल्या पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक आणलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. आठवड्याभरात सगळी नावं एकमेकांत मिसळली. तयारी नेमकी कशी करायची?

उत्तर : पहिल्या पानापासून वाचू नका. कोस्टा रिकासारख्या लहान देशात पक्ष्यांच्या ९००हून जास्त जाती आहेत, कोलंबियात सुमारे १,९००. एवढं पाठ करून कोणी जात नाही. आधी कुळं शिका. मध्य अमेरिकेला निघाला असाल तर कर्णा, मोटमोट, जकमार, टूकन, अँटबर्ड, मॅनाकिन, टॅनेजर आणि हमिंगबर्ड. बोर्निओला निघाला असाल तर धनेश, तांबट, नवरंग, ब्रॉडबिल, शिंजीर आणि बुलबुल. त्या कुळातला पक्षी साधारण किती उंचीवर असतो, कसा बसतो आणि शेपटीचं काय करतो, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं. कर्णा मधल्या उंचीवर ताठ बसतो, शेपटी सरळ खाली सोडलेली, आणि कितीतरी वेळ जागचा हलत नाही. मोटमोट लंबकासारखी शेपटी डावी-उजवीकडे झुलवतो. जकमार उघड्या फांदीवर लांब चोच वर करून बसतो, फुलपाखरू किंवा चतुर दिसला की झेपावतो आणि बहुतेकदा पुन्हा त्याच फांदीवर येतो. या लकबी डोक्यात असल्या की गाइडनं नाव घेतल्याबरोबर नजर योग्य जागी जाते.

मग कार्यक्रमपत्रिका पुढ्यात घ्या. बहुतेक मुक्कामांच्या आसपासची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर मिळते आणि कुठल्या महिन्यात कोणता पक्षी किती वेळा नोंदला गेला याचा आलेखही मिळतो. तुमच्या महिन्यात हमखास दिसणारे ४० पक्षी निवडा. त्यांतल्या २० जणांचे आवाज झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर ऐका. रोज दोन आवाज, आणि दुसऱ्या दिवशी नाव न बघता ते ओळखून पाहायचे. दाट झाडीत पक्षी आधी ऐकू येतो, दिसतो नंतर, त्यामुळे या अभ्यासाला पुस्तकापेक्षा जास्त वेळ द्या. पक्षी ओळखायला मदत करणारं मर्लिन ॲप वापरत असाल तर त्या प्रदेशाचा संच घरीच उतरवून ठेवा; जंगलातल्या मुक्कामी नेट मिळेल असं धरून चालू नका. आणि यादी ४०च्या पुढे वाढवू नका. उरलेल्या शेकड्यांसाठी गाइड आहे, आणि न ठरवता समोर आलेल्या पक्ष्याचं अप्रूप वेगळंच असतं.

प्रश्न : पर्जन्यवनात जाऊन आलेले लोक सांगतात, “नुसती हिरवी भिंत, दिसत काहीच नाही.” हे खरं आहे का? मग एवढा खर्च कशासाठी?

उत्तर : पहिल्या दिवशी अनेकांना तसं वाटतं, कारण पर्जन्यवनात प्राणी पसरलेले असतात. जाती भरपूर, पण एकेका जातीचे जीव विरळ. झाडांचं छत ३० ते ४५ मीटर उंचीवर असतं आणि खाली जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के उजेड पोचतो. पुष्कळसं जीवन त्या छतात चाललेलं असतं आणि आपण तळाशी उभे असतो.

तिथे बघण्याची रीत वेगळी आहे. बरेच कीटकभक्षी पक्षी मिश्र थव्यांनी हिंडतात. अर्धा-पाऊण तास पान हलत नाही आणि मग पाच-दहा मिनिटांत पंधरा-वीस जाती डोक्यावरून निघून जातात. ॲमेझॉनच्या खालच्या झाडीतल्या थव्याचं नेतृत्व अनेकदा अँटश्राइक करतात; धोका दिसला की इशारा तेच देतात. आग्नेय आशियात हे पहाऱ्याचं काम पुष्कळदा कोतवाल करतो. म्हणून एक ओळखीचा आवाज आला की चालणं थांबवा आणि तिथेच उभे राहा. थवा आला की एकच पक्षी निवडा आणि तो दिसेनासा होईपर्यंत सोडू नका. सगळे बघायला गेलं की एकही धड दिसत नाही. हललेल्या पानावरून नजर न काढता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. नजर खाली नेऊन दुर्बीण शोधलीत की जागा हरवलीच. त्या वेळात पुस्तक उघडायचं नाही.

अमेरिकेच्या उष्णकटिबंधात लष्करी मुंग्यांची धाड बघायला मिळाली तर अख्खी सकाळ तिला द्या. एसिटन बर्चेली जातीच्या मुंग्या जमिनीवर काही मीटर रुंदीची आघाडी करून पुढे सरकतात. त्यांच्यापुढे झुरळं, नाकतोडे, कोळी जीव घेऊन पळत सुटतात आणि ते टिपायला अँटबर्ड आणि वुडक्रीपर टपलेले असतात. हे पक्षी मुंग्या खात नाहीत, पळणारे कीटक खातात. म्हणून ते आघाडीच्या पुढच्या अंगाला सापडतात. आपण बाजूला उभं राहायचं, पँटची टोकं मोज्यांत खोचायची आणि दर मिनिटाला पायाखाली बघायचं. मुंग्यांची दिशा बदलते आणि उभ्या माणसाला ते बुटावर मुंग्या चढल्यावरच कळतं.

जंगलाची कड, नदीचा काठ, छतापर्यंत नेणारा मनोरा किंवा झुलता पूल, फळलेला उंबर-वडाच्या जातीचा वृक्ष, या जागांवर आतल्या वाटेपेक्षा जास्त दिसतं. असं फळलेलं झाड जवळपास आहे का, हे मुक्कामाला पोचल्याबरोबर विचारून घ्या.

वेळेचंही बघा. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर जवळजवळ बारा तासांचाच असतो आणि संधिप्रकाश थोडा वेळ टिकतो. सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासाच्या आत गुडुप अंधार. उजाडल्यापासून नऊपर्यंतचा वेळ सोन्याचा. नऊ ते अकरा ऊन तापून हवा वर उठते तेव्हा मोकळ्या आकाशात शिकारी पक्षी घिरट्या घालताना बघावेत. दुपारी झोपा. रात्रीच्या फेरीत टॉर्च हातात खाली न धरता डोळ्यालगत धरा. प्राण्याच्या डोळ्यांतून परावर्तित झालेला उजेड आला त्याच रेषेत परत जातो, त्यामुळे टॉर्च डोळ्याजवळ असली तरच चमक दिसते. जमिनीवर दवाचे थेंब चमकताहेत असं वाटलं तर जवळ जाऊन बघा. त्यांतले बरेच कोळ्यांचे डोळे निघतात.

प्रश्न : दुर्बीण घ्यायची आहे. दुकानात १०×४२ घ्या म्हणतात, मित्र म्हणतो ८×४२. आणि चष्मा असेल तर?

उत्तर : ८×४२. वजन झेपत नसेल तर ८×३२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते : ८×४२ला ५.२५ मिमी, १०×४२ला ४.२ मिमी, खिशातल्या ८×२५ला ३.१ मिमी. जंगलात पहाटे डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते, तेव्हा हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय १० पटीत हाताचा कंपही जास्त दिसतो आणि दृष्टिक्षेत्र सहसा अरुंद असतं; पानांच्या गर्दीत पक्षी सापडायला रुंद क्षेत्रच लागतं.

आणखी तीन गोष्टी बघा. दुर्बीण जलरोधक आणि आत नायट्रोजन भरलेली हवी, नाहीतर दमट हवेत भिंगांना आतून वाफ धरते आणि ती पुसता येत नाही. जवळात जवळ दोन मीटरवरचं स्पष्ट दिसायला हवं, म्हणजे फुलपाखरं आणि बेडूकही बघता येतात. चष्मा असेल तर डोळा आणि भिंग यांतलं चालू शकणारं अंतर १६ मिमी किंवा जास्त असलेलीच घ्या आणि रबरी कडा खाली दाबून वापरा. चष्मा नसेल तर कडा पूर्ण वर.

घरी आणल्यावर जुळणी करा. दोन्ही डोळ्यांना मिळून एकच वर्तुळ दिसेपर्यंत नळ्या जवळ-दूर करा. उजव्या बाजूचं भिंग हातानं झाका आणि मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्पष्ट करा. मग डावं भिंग झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्यापाशी असलेलं कडं फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. काही दुर्बिणींत हे कडं दुसरीकडे असतं, माहितीपत्रकात बघा. कड्याची जागा बारीक खूण करून ठेवा, कारण पिशवीत घासून ते सरकतं आणि मग माणूस दिवसभर “दुर्बीण बिघडली” म्हणत बसतो. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा लावा.

प्रश्न : आमच्या गटात १४ जण आणि एकच गाइड आहे. चालेल का? पैसे भरण्याआधी काय विचारावं?

उत्तर : १४ जणांना एक गाइड कमी पडतो. जंगलातली वाट एका माणसाच्या रुंदीची असते. दीड मीटर अंतर ठेवून चौदा जण रांगेत उभे राहिले की रांग वीस मीटर लांब होते. गाइड कुजबुजतो ते पाचव्या माणसाच्या पुढे जात नाही, आणि शेवटचा पुढे येईपर्यंत पक्षी उडालेला असतो. एका गाइडमागे सहा ते आठ जण ठीक. गट मोठाच असेल तर दोन गाइड आणि दोन वेगवेगळ्या वाटा, हे लेखी मागा.

विचारायच्या गोष्टी : एकेका ठिकाणी किती रात्री? दोन रात्री म्हणजे पुरता दिवस एकच. तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम असलेली सहल म्हणजे निम्मा वेळ गाडीत. दुपारी विश्रांती आहे का? रोज किती चालायचं आणि चढ किती? गाइड त्या भागात राहणारा आहे का? टेलिस्कोप सोबत आहे का? गटात छायाचित्रकार किती? हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि वाद तिथेच होतात. छायाचित्रकाराला एका बेडकापाशी चाळीस मिनिटं लागतात, पक्षी बघणाऱ्याला पुढे जायचं असतं. दोघांचंही बरोबर असतं, पण एका गटात दोघांचं भागत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं पासष्टीच्या पुढे आहोत. रोज चार किलोमीटर चालतो. तेवढं पुरेल ना? माझा गुडघा थोडा दुखतो.

उत्तर : चालणं पुरेल, उभं राहणं पुरणार नाही. जंगलात ताशी एक किलोमीटरही चाल होत नाही. दोन-दोन तास थांबत-थबकत, मान वर करून उभं राहायचं असतं. कंबर आणि मान त्यातच धरते. म्हणून आतापासून आठवड्यातून तीनदा तासभर, मध्ये न बसता, हळू चालणं आणि उभं राहणं मिसळून करा. पाठीवर तीन-चार किलो वजन आणि पायात सहलीचेच बूट असू द्या. जिने उतरण्याचा सराव ठेवा. चिखलाच्या उतारावर गुडघा उतरताना दुखतो, चढताना कमी. काठी एकच घ्या, दुसरा हात दुर्बिणीला मोकळा हवा. घडीचं हलकं तिपाई स्टूल नेलंत तर फार सोय होते.

उकाड्याची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. सहल तेवढ्यात संपते, तेव्हा पहिले तीन दिवस जपून. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी प्या. जलसंजीवनीची पाकिटं जवळ ठेवा. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ याहून जास्त नको, ते अपायकारक ठरतं.

प्रश्न : कपडे कुठले आणि किती? जीन्स चालेल का?

उत्तर : जीन्स नको. ती एकदा भिजली की सहल संपेपर्यंत ओलीच. सुती कपड्यांचंही थोड्याफार फरकानं तेच. पटकन वाळणारे, सैल, लांब बाह्यांचे तीन शर्ट आणि दोन पँट, मोजे मात्र सहा जोड. रंग मळखाऊ, मातकट किंवा हिरवट. आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या भागात निळा आणि काळा रंग टाळा, त्या रंगांकडे ती ओढली जाते.

खोलीत दोरीवर टाकलेले कपडे ९० टक्के आर्द्रतेत रात्रभरात वाळत नाहीत. पिळलेला शर्ट कोरड्या टॉवेलवर पसरा, दोन्हींची घट्ट वळकटी करा आणि ती पिळा. टॉवेल पाणी ओढून घेतो आणि पंख्याखाली शर्ट सकाळपर्यंत घालण्याजोगा होतो. एक जोड झोपण्यासाठी कोरडा राखून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद, काही झालं तरी तो जंगलात घालायचा नाही.

कार्यक्रमात डोंगर असेल तर उंची बघा. दर १,००० मीटरला तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं. किनाऱ्यावर ३० असताना मेघवनात, २,५०० मीटरवर, १५ अंश आणि वर धुकं. तिथे उबदार जाकीट आणि कानटोपी लागते. “उष्णकटिबंध” या नावावर विसंबून लोक तिथे कुडकुडतात.

सखल ॲमेझॉनमध्ये गमबूट हवेत. बऱ्याच मुक्कामांवर ते मिळतात, पण फार मोठ्या किंवा फार लहान मापाचे नसतात. माप आधीच कळवा. गमबुटात लांब मोजे, नाहीतर पोटरी सोलवटते. रात्री पाय कोरडे करून उघडे ठेवा.

प्रश्न : जळवांची भीती वाटते. मीठ बरोबर न्यावं का?

उत्तर : मीठ नको. मीठ, तंबाखू किंवा पेटती काडी लावली की जळू सुटताना पोटातलं जखमेत ओकू शकते. तिचं निमुळतं टोक तोंडाचं. तिथे त्वचेला लागून नख आडवं सरकवायचं, तोंड सुटलं की लगेच मागचं टोकही तसंच सोडवायचं आणि टिचकीनं उडवायची. रक्त काही तास ओघळत राहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं हिरुडिन असतं. साबणानं धुऊन दाबपट्टी लावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला.

बोर्निओ किंवा मादागास्करला निघाला असाल तर जळूमोजे घ्या : गुडघ्यापर्यंतचे, घट्ट विणीच्या कापडाचे, नेहमीच्या मोज्यांवर आणि पँटवर चढवून वर नाडी बांधायचे. विरळ विणीच्या मोज्यांतून जळू सहज आत शिरते.

अमेरिकेच्या उष्णकटिबंधात जमिनीवरच्या जळवांचा जाच नसल्यात जमा, पण गवतात चिगर असतात, माइटची डोळ्याला न दिसणारी पिल्लं. खाज काही तासांनी सुरू होते, नेमकी कमरपट्ट्याखाली आणि मोज्यांच्या काठाशी. गवतात बसू नका, आणि मुक्कामी परतल्याबरोबर साबण लावून अंग घासून आंघोळ करा. नेलपॉलिश लावून ते गुदमरतात ही समजूत चुकीची आहे. खाज उठेपर्यंत चिगर बहुधा गळून पडलेला असतो.

प्रश्न : डास पळवणारं औषध कुठलं घ्यावं? एका सहलीत माझ्या घड्याळाची काच त्यानं धुरकट झाली.

उत्तर : त्यात डीट असणार. ते त्वचेवर चांगलं काम करतं, पण प्लास्टिक आणि काही कृत्रिम धागे विरघळवतं. दुर्बिणीचं रबरही चिकट होतं. २० टक्के पिकारिडिन घ्या, ते प्लास्टिकला धक्का लावत नाही. डीटच घ्यायचं तर २० ते ३० टक्क्यांचं, आणि तळहात धुतल्याशिवाय दुर्बिणीला हात नाही. उन्हाचं मलम आधी, ते मुरू द्या, मग डासांचं औषध. कपड्यांना ०.५ टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा निघण्याच्या दोन दिवस आधी मोकळ्या हवेत मारून पूर्ण वाळवा. ते त्वचेवर लावायचं नाही. ओलं असताना मांजरांना आणि माशांना ते घातक आहे, घरात मांजर असेल तर विशेष जपा. औषध लागलेल्या हातानं बेडकाला शिवू नका. त्याची त्वचा सगळं शोषून घेते.

प्रश्न : लसी आणि हिवतापाच्या गोळ्या कधी सुरू करायच्या?

उत्तर : प्रवासी-आरोग्याच्या डॉक्टरांकडे सहा ते आठ आठवडे आधी जा, पूर्ण कार्यक्रमपत्रिका आणि आपल्या चालू औषधांची यादी घेऊन. पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लसीचं प्रमाणपत्र टोचल्यापासून १० दिवसांनी वैध होतं. जुलै २०१६पासून ते आयुष्यभरासाठी धरलं जातं, दर १० वर्षांनी पुन्हा टोचायची अट गेली. पीतज्वराच्या देशातून आलेल्यांकडे पुढचा देश ते मागू शकतो, म्हणून परतीचा मार्गही तपासा. लस जिवंत विषाणूची आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांना धोका थोडा जास्त, तेव्हा त्याचा विचार डॉक्टरांबरोबर करा.

हिवतापाच्या गोळ्यांत ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घेतात. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि तिनं ऊन बाधतं. परतल्यावरच्या गोळ्या लोक सोडून देतात. ती मोठी चूक, कारण रक्तात उशिरा उतरणाऱ्या परजीवीसाठीच त्या असतात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे मच्छरदाणीवर भागत नाही. परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठे, कधी गेला होतात ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

प्रश्न : मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेते. पाण्यात भिजवून थंड राहणारी पिशवी न्यावी का?

उत्तर : त्या पिशवीवर विसंबू नका. ती पाण्याच्या बाष्पीभवनावर चालते, आणि दमट जंगलात बाष्पीभवनच होत नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. मुक्कामावर फ्रिज असेल तर बर्फकप्प्यापासून लांब ठेवा, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. जनरेटर रात्री बंद होत असेल तर थर्मासमध्ये थंड पाकीट कापडात गुंडाळून त्यात ठेवा. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर टिकतं, पण कमाल तापमान प्रकारानुसार वेगळं असतं, पत्रक वाचा. विमानात ते हातातल्या पिशवीतच हवं, दुप्पट साठा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं : रात्री ते शोषक गोळी घातलेल्या बंद डबीत ठेवलं नाही तर घाम आणि दमटपणा मिळून दोन-तीन दिवसांत ते बंद पडू शकतं.

प्रश्न : कॅमेऱ्याच्या भिंगावर सारखी वाफ धरते आणि फोटोत पक्षी काळे येतात.

उत्तर : वातानुकूलित खोलीतलं थंड भिंग दमट हवेत आलं की त्यावर पाणी धरतं. कॅमेरा रात्री खोलीतल्या सर्वांत उबदार जागी ठेवा, किंवा बंद पिशवीत घालून बाहेर आणा आणि पिशवी अर्धा-पाऊण तास उघडू नका. भिंग काढून पुसायला जाऊ नका, दमट हवा आत शिरते. ओलावा शोषणारं सिलिका जेल नेत असाल तर रंग बदलणारं घ्या, ओलं झालेलं कळतं.

काळे पक्षी आभाळामुळे येतात. पांढऱ्या आभाळापुढे पक्षी असला की कॅमेरा आभाळाला धरून उजेड कमी करतो. एक्स्पोजर +१ ते +२ करा. आतल्या झाडीत आयएसओ ३२०० ते ६४००ला घाबरू नका, दाणेदार फोटो हललेल्या फोटोपेक्षा बरा.

प्रश्न : पावसाळ्यात गेलं तर सहल बुडते का?

उत्तर : सहसा नाही. बऱ्याच ठिकाणी पाऊस दुपारनंतर येतो आणि सकाळ हाती लागते. कोस्टा रिकाच्या प्रशांत बाजूला डिसेंबर ते एप्रिल कोरडा, कॅरिबियन बाजूला मात्र कुठल्याही महिन्यात पाऊस धरून चाला. ॲमेझॉनवर ब्राझीलमधल्या मनौस शहराजवळ नदीची पातळी वर्षात सुमारे १० मीटर चढते-उतरते. पाणी चढलं की होडीतून थेट झाडांच्या मधल्या फांद्यांत जाता येतं, उतरलं की पायवाटा मोकळ्या होतात. दोन्ही सुंदर, पण सहली वेगळ्या. आपल्याला कुठली हवी ते ठरवून महिना निवडा.

प्रश्न : गटात कसं वागावं? पहिल्यांदाच जातोय, आपल्यामुळे कोणाचा विरस होऊ नये असं वाटतं.

उत्तर : ज्याला ही काळजी आहे त्याच्यामुळे सहसा होत नाही. तरी चार गोष्टी. रांगेतली पहिली जागा रोज बदलायची, आणि हे पहिल्याच संध्याकाळी सर्वांनी मिळून ठरवायचं. टेलिस्कोपपाशी पहिल्या फेरीत प्रत्येकानं पाच सेकंद बघायचं आणि बाजूला व्हायचं; सगळ्यांचं झालं की पुन्हा रांग लावून निवांत. नळीला हात लावून आधार घ्यायचा नाही, ती हलते.

पक्षी दाखवताना हात झटकन वर नेऊ नका. खोडापासून सुरुवात करा : “फांद्या फुटलेलं खोड, डावी फांदी, तिच्या निम्म्यावर, सुकलेल्या पानाच्या वर.” “तो बघा तिकडे” यानं कोणालाच काही दिसत नाही. अत्तर नको, सळसळणारं जाकीट नको. लेझर गाइडच्याच हातात असू द्या आणि तोही पक्ष्यावर नाही, खाली एखाद्या पानावर. आवाज वाजवून पक्षी बोलावण्याचा आग्रह धरू नका. विणीच्या काळात नर घरटं सोडून प्रतिस्पर्धी शोधत फिरतो आणि दिवसाला तीन गट आले तर त्याचे हाल होतात. गाइड “आता पुरे” म्हणाला की पुरे.

आणि वाटेत झाडाला हात टेकू नका. काही ताडांच्या खोडांवर बोटभर काटे असतात, आणि अमेरिकेच्या जंगलात बुलेट अँट नावाची मुंगी असते, तिच्या डंखाची वेदना दिवसभर पुरते. आडवं पडलेलं खोड ओलांडताना आधी पलीकडे बघा, मग पाय टाका. साप चावलाच तर आवळपट्टी नाही, चीर नाही, चोखणं नाही. अंगठी-घड्याळ काढायचं, हात-पाय हलणार नाही असा बांधायचा आणि रुग्णालय गाठायचं.

प्रश्न : सहल सुरू होण्याच्या दिवशीच पोचलं तर चालतं ना?

उत्तर : एक दिवस आधी पोचा. विमान चुकलं किंवा पेटी मागे राहिली तर गट थांबत नाही, आणि पेटी होडीनं जंगलात मागाहून यायला दोन-तीन दिवस लागू शकतात. दुर्बीण, औषधं, हेडलॅम्प, पॉवर बँक आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत. पॉवर बँक तशीही पेटीत टाकायला परवानगी नसते. बूट पायात घालूनच निघा. बाकी सगळं कसंबसं उसनं मिळतं, आपल्या पायाला बसलेले बूट मिळत नाहीत.